होळी झाली की पंप

"मयुरी, बाहेर निघ आधी! संडास काय तुझ्या एकटीच्या नावावर आहे?"

ऑफिसातल्या उत्तरा मॅडम दार ठोकत होत्या. आत मयुरी पराते एका हाताने तुटकी कडी दाबून आणि दुसऱ्या हाताने दूध काढायचा पंप छातीशी धरून उभी होती. बाटलीचा तळ जेमतेम ओला झाला होता. आधी एवढ्याच वेळात अर्धी बाटली भरायची.

"झालंच, मॅडम."

"रोजचं झालंय हे. आम्हीही नोकरी करूनच पोरं वाढवली. असे तमाशे नाही केले."

मयुरी बाहेर आली. संडासात काढलेलं दूध लेकराच्या तोंडी लावायला मन धजेना. तिने ते बेसिनमध्ये ओतून दिलं. डोळ्यांत पाणी आलं, पण ते रागाचं होतं.

लेकरू कामठीला, सासूजवळ. प्रज्वल त्याचं नाव. पावडरचं दूध पाजलं की भडाभडा ओकायचा. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, दिवसा दूध काढत राहा, नाहीतर आटेल. आणि ते आटतच चाललं होतं. नोकरी सोडावी तर घरात दुसरा पगार नव्हता.

रामदासपेठेतल्या त्या कार्यालयात जागा नव्हती असं नाही. होती की! दारावर झोकात पाटी होती, 'हिरकणी कक्ष'. तान्ह्या लेकरासाठी गडाचा कडा उतरून गेलेल्या बाईचं नाव. आणि आत? आत ऑफिसातले कूलर, एकावर एक रचलेले. नागपुरात कूलरचा जेवढा मान, तेवढा बाळंतिणीचा असता तर अजून काय पाहिजे होतं!

महाशिवरात्रीच्या सुमारास मयुरी धीर करून बोकडे साहेबांच्या केबिनमध्ये गेली होती. उत्तरा मॅडम तिथेच सह्या घेत उभ्या होत्या. साहेब बापाच्या वयाचे. त्यांच्यासमोर 'दूध' हा शब्द काही केल्या तोंडातून निघेना.

"सर, मले पंप लावाचा होता," ती मान खाली घालून म्हणाली. "थोडी सोय झाली असती तर..."

"पंप? आत्ताच?" साहेब खेकसले. "बाकीचे लोक काही म्हणून राहिले का? होळी झाली की लागेल पंप. तुमच्या एकटीसाठी मी नियम मोडणार नाही. तोवर कळ काढा."

उत्तरा मॅडम गालातल्या गालात हसल्या. हसू देत, मयुरीला वाटलं. साहेब कडू बोलले, पण शब्द तर दिला. होळी झाली की कूलर खिडक्यांना लागतात, मग ती खोली रिकामीच होते. त्यांचंही बरोबर आहे.

म्हणून ती कळ काढत होती. छातीत गाठी व्हायच्या, ताप चढायचा. कामठीच्या ऑटोत कुणाचं कोपर लागू नये म्हणून पर्स छातीशी धरून बसायची. ऑफिसात तिचं नाव पडलं होतं, 'डेअरी'. ते कोणी पाडलं, हे तिला चांगलं माहीत होतं.

होळी झाली. देवाजी चपराशाने कूलर बाहेर काढले, धुतले, खिडक्यांना लावले. दुसऱ्या दिवशी मयुरीने बाटली उकळून, पंप स्वच्छ फडक्यात बांधून आणला. निघताना प्रज्वलच्या गालाला गाल लावून म्हणाली होती, "आज बाटली भरून आणतो रे, राजा."

ऑफिसात येऊन पाहते तर देवाजी हिरकणी कक्षात मोडक्या खुर्च्या कोंबत होता. उत्तरा मॅडम बाजूला उभं राहून दाखवत होत्या, ही इकडे, ती तिकडे.

"देवाजी, हे काय? ही खोली साहेबांनी मले देली होती ना?"

"खोली? नाही बा." देवाजीने खिशातून वायर गुंडाळलेला, कूलरमध्ये पाणी चढवायचा कोरा करकरीत पंप काढला आणि तिच्या टेबलावर ठेवला. "हा देला. सायेब म्हणे, पराते मॅडम पंपासाठी लई मांगं लागल्या होत्या."

सगळं ऑफिस फिदीफिदी हसलं. मयुरीने उत्तरा मॅडमकडे पाहिलं. त्यांना जराही नवल वाटलेलं नव्हतं. साहेबांना कुठला पंप वाटला, हे त्यांना पहिल्या दिवसापासून कळलेलं होतं.

मयुरीच्या अंगाची लाही लाही झाली. एका हातात तो पंप आणि दुसऱ्या हातात आपलं फडकं घेऊन ती सरळ केबिनमध्ये गेली. दार उघडंच टाकलं.

"हा तुमचा पंप, साहेब." तो तिने साहेबांच्या फायलींवर आदळला. मग फडकं सोडलं. "अन् हा माझा. दूध काढाचा. लेकराचं दूध! होळी झाली. आता तुम्ही बाहेर बसा."

 साहेबांचं लक्ष तिच्या कुर्त्यावरच्या ओल्या डागांकडे गेलं. त्यांनी मान खाली घातली, चष्मा उचलला आणि ते उठून बाहेर गेले. त्यांच्या पाठीमागे कडी लागली.

साहेब मयुरीच्या खुर्चीवर येऊन बसले. उत्तरा मॅडम तरातरा आल्या आणि केबिनचं दार ठोकायला त्यांनी हात उचलला.

"ठोकू नका, मॅडम," साहेब म्हणाले. "कळ काढा."

आतून घुर्र घुर्र असा बारीक आवाज येऊ लागला. खुर्च्या ठेवून नुकत्याच बाहेर आलेल्या देवाजीने कान टवकारले. मग कूलरपुढे हात धरून पाहिला.

"सायेब, पंप तं चालू झाला. मंग हवा गरमच काहून येऊन राहिली?"

साहेबांनी कपाळावरचा घाम पुसला.

"तो कूलरचा नाही, देवाजी. लेकराचा आहे."