बॉनेटखालचा प्रसाद

कोपाकबानाच्या मरियामातेपुढे मिनीबसची पूजा करून आणली. हार, फिती, बिअरचा अभिषेक, सगळं रीतसर. दुसऱ्याच दिवशी ला पाझहून एल आल्तोच्या चढावर गाडी आचके द्यायला लागली. मागे चौदा प्रवासी. एक म्हातारी म्हणाली, "बाई, उतरून ढकलू का?"

तशीच सेवेरो मेकॅनिककडे नेली. त्याने प्लग पुसले, वायरी तपासल्या, पेट्रोलचा फिल्टर बदलला. इंजिन खोकतच होतं. शेवटी त्याने एअर फिल्टरचा डबा उघडला आणि पोट धरून हसत खालीच बसला. आत पाकळ्या आणि रंगीत कागदाच्या टिकल्या, बिअरने चिकटून त्यांचा नुसता लगदा झालेला.

"बासिलियाताई, पूजा करायची असते, इंजिनाला जेवू घालायचं नसतं!"

"मग आशीर्वाद काय नुसता टपाला द्यायचा? बॉनेट उघडून चांगल्या दोन मुठी टाकल्या मी."

"अहो, त्याला श्वास घेता येत नव्हता! एवढं साधं कळत नाही तुम्हा लोकांना?"

नवा फिल्टर बसला आणि इंजिन एका सुरात चालायला लागलं. सेवेरो अजून डोळे पुसत हसतच होता. गाडी मागे घेता घेता मी विचारलं, "कोपऱ्यातली ती निळी जीप कुणाची रे? हार अजून तसाच आहे गळ्यात."



"ती होय? माझीच. कार्निव्हलला पूजा केली तेव्हापासून आचके देतेय, अर्धं इंजिन बदललं तरी..." आणि वाक्य तिथेच टाकून तो स्क्रूड्रायव्हर घेऊन जीपकडे पळाला.