वाळूवरची साय

हौद धुतल्याच्या नवव्या दिवशीही पाण्याचा वास गेला नाही, तेव्हा ती बाबांना घेऊन आली.

पंपघरामागे तीन हौद होते. प्रत्येकात कमरेइतकी वाळू आणि वाळूवर गुडघाभर पाणी. नदीचं पाणी त्या वाळूतून झिरपत खाली उतरेपर्यंत पिण्याजोगं व्हायचं. बाबांनी या हौदांवर चौतीस वर्षं काढली होती. आता ती इथली मुख्य इंजिनीअर होती. वरून पाहणीला लोक येणार म्हणून तिनेच ठेकेदाराला बजावलं होतं, हौद आरशासारखे दिसले पाहिजेत.

बाबा कठड्याला धरून उभे राहिले. तळाची वाळू पांढरीफटक दिसत होती.

"तिन्ही एकदम खरवडले?"

"हो. वर क्लोरिननं धुतले."

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला. वाळू तशीच पांढरी.

"साय काढलीस की गं सगळी," ते म्हणाले.

हा शब्द तिने कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. कागदोपत्री त्याला गाळ म्हणत. तिनेही तेच लिहिलं होतं. वाळूवर धरणारा तो तपकिरी, बुळबुळीत थर. ती लहान असताना त्यांचं क्वार्टर पंपघराला लागूनच होतं. रविवारी बाबा चिमूटभर साय काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचे आणि ती स्टुलावर चढून, एक डोळा मिटून बघत बसायची. शेवाळाच्या हिरव्या काड्या. दोऱ्यासारखे वळवळणारे किडे. डोक्यावर चाक फिरवणारा एक काचेसारखा जीव. त्याचं नाव तिने पंखेवाला ठेवलं होतं.

"हा त्याला खातो, तो ह्याला खातो," बाबा सांगायचे, "आणि त्यांच्या तावडीतून जे सुटतं ते आपण पितो."

"जेवायच्या वेळेला कसली घाण बघताय!" आई आतून ओरडायची, आणि त्याच पाण्याचे पेले भरून ताटांशेजारी ठेवायची.

बाबा एका वेळी एकच हौद खरवडत, तोही बोटाच्या पेराएवढा. घरातली सगळीच एकदम लग्नाला गेली तर घर कोण सांभाळणार, असं म्हणायचे. तिला हे सगळं ठाऊक होतं. शिकता शिकता कुठे निसटलं, तेच तिला कळेना.

"पुन्हा धरायला किती दिवस लागतील, बाबा?"

"तीन आठवडे. नशीब असेल तर दोन. घाई करून नाही येत ती, इंजिनीअरबाई. नुसतं शेवाळ माजलं तर हौद तुंबेल. शेवाळ खाणारा हवा, त्याला खाणारा हवा. सगळी भावकी जमायला वेळ लागतो."

तिच्या पिशवीत वरून आलेला आदेश होता. हौद कायमचे बुजवायचे आणि त्या जागी रसायनांवर चालणारं यंत्र बसवायचं. तिच्या सहीपुरतं काम अडलं होतं. गावाला सध्या टँकरनं पाणी जात होतं.

बाबा कठड्याच्या कडेकडेने चालत, नदीचा नळ जिथे आत येतो तिथे थांबले.

"या दगडाखाली हात घालून बघ. मला वाकवत नाही."

तिने चपला काढल्या, सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यात उतरली. पाणी गारठलेलं होतं. दगडाच्या पोटाशी बोटांना काहीतरी गुळगुळीत लागलं. तळहात बाहेर आला तो तपकिरी होऊन. त्याला ओल्या मातीचा वास होता. संध्याकाळी कामावरून आलेल्या बाबांच्या बाह्यांना हाच वास यायचा.

"तिथवर ठेकेदाराचा खराटा पोचला नाही," बाबा हसले. "कामचुकारपणाही कधी कधी उपयोगी पडतो बघ. सगळी ओरबाडू नकोस. थोडी तिथेच राहू दे, बाकीची विरजणासारखी तिन्ही हौदांत सोड."

तिसऱ्या हौदात ती उतरली तेव्हा फोन वाजला. साहेबांचा होता.

"सही झाली का?"

"नाही, साहेब. मला तीन आठवडे हवेत. चूक माझी होती, तसं लेखी देते. तोवर टँकर चालू ठेवू या."



"तीन आठवडे? अहो, ठेकेदाराची माणसं कधीच गेली. आता तिथे कामाला आहेत तरी किती जण?"

तळहातावर उरलेला बोटभर तपकिरी लगदा तिने पाण्यात धरला. तो सुटा झाला, पसरला आणि बघता बघता दिसेनासा झाला.

"मोजता येणार नाहीत, साहेब," ती म्हणाली.