चढाचा फाटा

दुपारची पॅसेंजर उतारावर थांबली, शिट्टी झाली आणि सहादूने दोन्ही हातांनी दांडा ओढला. दांड्याच्या तारेने रूळ बदलणारा सांधा खाली, करवंदीच्या जाळीपलीकडे होता. तो वरून दिसत नसे, आणि गुडघे गेल्यापासून सहादू तिथवर उतरतही नसे.

इगतपुरीहून घाट उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक गेले तर ती दरीत जाऊ नये, म्हणून बाजूला हा रुळांचा फाटा काढलेला. फाटा चढाचा, शेवटी वाळूचा ढीग. सांधा कायम फाट्याकडेच लावलेला असायचा. गाडी थांबली, शिट्टी दिली, म्हणजे ब्रेक शाबूत. मगच दांडा ओढून तिला सरळ वाट द्यायची. शिट्टी नाही तर दांड्याला हात नाही. इंग्रजांच्या वेळचा नियम, आणि सहादू सांधेवाल्याने तो हयातभर पाळला होता.

ड्रायव्हर केरूने खिडकीतून मेथीची जुडी खाली दिली.

"बदली माणूस कधी यायचा रं?" सहादूने विचारलं. रिटायर होऊन वर्ष झालं तरी तो इथल्या खोलीतच होता.

"येईल की. तवर तुमीच सांभाळा, दादा."

"बाकीच्या गाड्या दिसत नाय."

"त्या पलीकडच्या लायनीनं उतरत्यात. हिकडून माझी एकटीच."

रिटायर व्हायच्या आधी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी सहादू नाशिकला मुलीकडे, मैनाकडे राहिला होता. परतला तेव्हा दांडा एका हाताने सरकला. त्याला ते काही बरं वाटलं नाही. केरूला सांगितलं तर तो म्हणाला, "तेल घातलं असंल कुणी." थोड्या दिवसांनी दांडा पहिल्यासारखा जड झाला आणि सहादूच्या जिवात जीव आला.

"आबा, माझ्याकडे चला," मैना दर खेपेला म्हणायची. "इथं मेलात तर कळायचंही नाही कुणाला."

"फाटा कुणाच्या जिवावर सोडू?" हे उत्तर ठरलेलं.

खरं तर एकटेपणा त्याला खायला उठायचा. संध्याकाळी तो माकडांशी बोलत बसे. भाकरीच्या आशेने तीही निमूट ऐकून घेत. पण गाडीभर माणसं आपल्या हातावर आहेत, एवढ्या एका गोष्टीवर तो तगून होता.

त्या रविवारी मैना कल्याणला नणंदेकडे निघाली होती. गाडी थांबली की खिडकीतून डबा देईन, असा तिचा निरोप होता. सहादू धुतलेला सदरा घालून दांड्यापाशी उभा राहिला.

गाडी आली, पण थांबायचं लक्षण दिसेना. शिट्टी नाही. इंजिनात केरू नव्हता, कुणी अनोळखी तरणा माणूस होता.

ब्रेक गेले, सहादूच्या मनात आलं. हात आपोआप दांड्यावर गेला. ओढला, तर गाडी सरळ सुटेल आणि पुढच्या वळणावर सगळीच्या सगळी दरीत जाईल. नाही ओढला, तर ती फाट्यावर चढून वाळूत घुसेल. बरीच माणसं वाचतील. पण पुढचे डबे चेपतील, आणि मैना पुढच्याच डब्यात होती. खिडकीतून हात काढून ती डबा दाखवत होती, हसत होती.

त्याने दांडा सोडला. हात पाठीमागे धरून ठेवले, डोळे मिटले आणि धडकेची वाट पाहिली.

धडक झाली नाही. चाकांचा खडखडाट सरळ खाली उतरत गेला, बोगद्यात शिरला आणि विरला.

सहादूने डोळे उघडले. मग काठी टेकत, कुठे बसून सरकत, जाळीपलीकडे उतरला.

फाटा नव्हता. रूळ कधीच उचलून नेले होते, त्या जागी कमरेएवढं गवत होतं. दांड्याची तार सागाला ठोकलेल्या कप्पीवरून गेली होती. कप्पीला ताजं तेल होतं, आणि तारेच्या टोकाला, ओढणाऱ्याच्या हाताला जड लागावं म्हणून, कुणीतरी रुळाचा एक तुकडा टांगला होता.