मोकळ्या नळ्या

“हात वर घ्या, शिवकन्याताई. हिरव्या कापडाला लावू नका,” करुणा म्हणाली आणि खाली येणारा तो हात तिनं हवेतच धरला. कापड निर्जंतुक केलेलं होतं. नुसतं बोट लागलं असतं तरी सगळी मांडामांड पुन्हा करावी लागली असती.

हिंगोलीच्या त्या खासगी दवाखान्यात करुणा एक्स-रे काढायची. टेबलावरची शिवकन्या कळमनुरीकडच्या एका खेड्यातली. लग्नाला पाच वर्षं होऊनही मूल नव्हतं. गर्भनळ्या बंद आहेत का, ते आज आत औषध सोडून एक्स-रेवर पाहायचं होतं. बाहेर सासू बसली होती, पार्वतीबाई. तिनं करुणाला आधीच गाठलं होतं. “दोष निघाला तर लपवू नका, बाई. हिला माहेरी धाडू आन् वैजनाथचं दुसरं करू.”

डॉक्टरीणबाईंनी औषध सोडायला सुरुवात केली. शिवकन्येनं करुणाचा हात घट्ट आवळला. पण फोटोच्या वेळी शिशाच्या पडद्यामागं जावंच लागतं. करुणानं एकेक बोट सोडवून हात काढून घेतला.

दुसऱ्या फोटोसाठी तिला जरा कुशीवर वळवलं, तेव्हा झगा सरकला. पाठीवर काळेनिळे वळ होते.

“पडले होते,” शिवकन्या न विचारताच म्हणाली.

करुणानं झगा नीट केला, कमरेखाली उशी सरकवली. “आता हलू नका,” एवढंच ती म्हणाली आणि पुन्हा पडद्यामागं गेली.

औषध दोन्ही नळ्यांतून बारीक रेघेसारखं पुढं गेलं आणि टोकाशी पसरलं.

“दोन्ही मोकळ्या. हिच्यात काही दोष नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. हातमोजे काढून त्या सांगायला बाहेर गेल्या. दार उघडंच राहिलं. पार्वतीबाईंचा आवाज आत आला, “नागनाथ पावला, बाई. आता सुनेला घरी घेऊन जाते.”

शिवकन्येच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. करुणानं तिला आधार देऊन बसवलं. “लई तकलीफ झाली का? झालं आता. सगळं चांगलं आहे.”

शिवकन्येनं दाराकडं पाहिलं आणि आवाज खाली केला.

“मीच तुमाला आधी बोलायला पाहिजे होतं, ताई. नळ्या बंद हायेत म्हणून तुमी सांगितलं असतं, तर मी आज माहेरी गेले असते.”