आधी गज

नळी फुटली नाही.

सिन्नरजवळच्या बंद दगडखाणीत धूर विरत गेला. लाकडी घोडीला करकचून बांधलेली ठासणीची बंदूक जशीच्या तशी होती. वाळूच्या पोत्यांमागून निजामभाई उठले आणि कपडे झटकत म्हणाले, "बघितलं? माप बरोबर असलं की नळीला काही होत नाही."

त्यांची मुलगी अदिबा, बंदुकीच्या घोड्याला बांधलेली लांब दोरी हातात धरून, तिथेच बसून राहिली. तिला ती नळी फुटायला हवी होती.

उन्हाळ्यात नाशकात जुन्या बंदुकांच्या एका प्रात्यक्षिकात या बंदुकीच्या जोडीची दुसरी बंदूक फुटली होती. लोखंडाचा तुकडा पहिल्या रांगेत बसलेल्या माणसाच्या मानेत घुसला आणि तो जागीच गेला. घोडा अदिबाच्या भावानं, वसीमनं, ओढला होता. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. दवाखान्यात पोलिसांनी विचारलं, "बंदूक कोणी भरली?" वसीम म्हणाला, "मी भरली. दारू जास्त घातली. आवाज मोठा हवा होता."

तेव्हापासून तो तुरुंगात होता.

निजामभाई भेटेल त्याला सांगत होते, "अरे, भरली मी. माप एकच. मधेच शाल द्यायला स्टेजवर बोलावलं. परत आलो, उरलेलं काम पुरं केलं आणि बंदूक पोराच्या हातात दिली." बाप पोराला वाचवतोय, असंच सगळ्यांना वाटलं. अदिबालाही.

अदिबा रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली. तिचा भरवसा एकाच गोष्टीवर होता. बार बुडाशी पेटतो, पण ती नळी बुडाशी फाटली नव्हती, चार बोटं पुढे फाटली होती. म्हणजे तिथलं लोखंड कच्चं असणार. दोन्ही नळ्या एकाच कारागिरानं घडवलेल्या. जुन्या मापाच्या बारानं ही दुसरीही फुटली, तर दोष लोखंडाचा ठरणार होता. कोर्टानं चाचणीला परवानगी दिली. मग अदिबानं दीडशे वर्षांपूर्वीचा बार जसाच्या तसा जमवला. तुरीच्या काड्यांचा कोळसा, हातानं कुटलेली दारू, मेण लावलेली सुती चिंधी, घरच्या साच्यात ओतलेली शिशाची गोळी. कोणाला बोट ठेवायला जागा नको, म्हणून बंदूक भरणारा हातही तोच ठेवला. निजामभाईंचा.

तुरुंगातल्या भेटीत वसीम जाळीला कपाळ टेकवून म्हणाला होता, "चाचणी कर, नाहीतर नको करू. पण अब्बूंना तिथे नेऊ नकोस."

"का? तुझं खोटं बाहेर येईल म्हणून?"

त्यानं मान खाली घातली होती. त्या रात्री अदिबाला झोप लागली नव्हती.

"मॅडम, अजून किती?" तिपाईवरच्या कॅमेऱ्यामागून फौजदारांनी विचारलं. "नळी ठणठणीत आहे. तुमचा भाऊ म्हणतो तेच खरं निघतंय."

"थांबू या, अदिबा," वकील अंजलीताई हळूच म्हणाल्या. "प्रत्येक बार आपल्याच अंगावर येतोय."

"एकच. शेवटचा."

निजामभाई बंदुकीपाशी गेले. "आधी गज," ते पुटपुटले. अदिबा आणि वसीम चालायला लागले तेव्हापासून हे ऐकत आले होते. भरण्याआधी गज, म्हणजे बार ठासायची लोखंडी सळई, आत सोडून पाहायचं, नळी रिकामी आहे ना. गज खणकन बुडाला टेकला. मग शिंगातून मापभर दारू, चिंधी, गोळी. त्यांनी गजानं बार ठासला.

"चाचा, चहा निवतोय," अंजलीताईंनी हाक मारली.

निजामभाई जीपकडे गेले. एक घोट घेऊन ड्रायव्हरला म्हणाले, "चहा आणलास की रसवंतीवर जाऊन आलास?" ड्रायव्हर हसला. फौजदारही हसले. अदिबा दोरीचा पीळ सोडवत होती. आता नाही फुटली तर वसीमला काय सांगायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

चहा संपवून निजामभाई परत आले. बंदुकीजवळ क्षणभर थांबले. गज बाजूला ठेवलेला होता, त्याच्याकडे त्यांनी पाहिलं आणि गज घालून झालाय, असं समजल्यासारखी मान हलवली. मग शिंग उचललं आणि मापात दारू ओतली.

अदिबाच्या हातातली दोरी गळून पडली.

चार बोटं पुढे. पहिल्या बाराची गोळी जिथे बसते, तिथे. तिच्यावर दुसरा बार.

लोखंड कच्चं नव्हतंच.

ती धावली. माप नळीच्या तोंडाशी पोचलं होतं. तिनं त्यांचं मनगट धरलं.

"अब्बू, भरलीय ती."

निजामभाईंनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग बंदुकीकडे. माप कललं. काळे दाणे दगडावर सांडले. जीपपाशी अंजलीताईंच्या हातातला कप तसाच राहिला. फौजदार कॅमेऱ्यामागून पुढे आले आणि थांबले.

"भरलीय?" निजामभाई म्हणाले. त्यांना खरंच माहीत नव्हतं. "कोणी भरली?"

कॅमेऱ्याचा लाल दिवा चालूच होता. सगळं त्यात आलं होतं. वसीम सुटणार होता. अब्बू मात्र अजून उत्तराची वाट पाहत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच भीती दिसत होती.

अदिबानं त्यांच्या हातातलं माप हळूच काढून घेतलं.

"मी भरली, अब्बू," ती म्हणाली.