मळ कुठवर आहे

राधाने पुस्तक उघडलंच नाही. आडवं धरलं, डोळ्यांजवळ नेलं, पानांच्या कडा न्याहाळल्या आणि खाली ठेवलं.

"हे पण नको."

माटुंग्याच्या बागेला लागून फूटपाथवर हितेंद्रचं जुन्या पुस्तकांचं दुकान होतं. दुकान म्हणजे वर ताडपत्री आणि खाली छातीला लागतील एवढ्या थप्प्या. त्यातून त्याने वेबसाइट शिकवणारी होती नव्हती तेवढी पुस्तकं उपसून काढली होती, आणि ही बाई एकेक न उघडताच नापास करत होती.

"ताई, आत तरी बघा. पानं सगळी आहेत, गॅरंटी."

"आतलं मला कळत असतं तर पुस्तक घ्यायला आले असते का?"

प्रिती, तिची लेक, कट्ट्यावर बसून फोन बघत होती. आयटीच्या तिसऱ्या वर्षाला होती. उद्याच्या मिरवणुकीतल्या लेझीमसाठी पांढरे बूट घ्यायचे होते, म्हणून आईबरोबर आली होती.

"आई, बघतेस तरी काय तू?"

"मळ." राधाने एक जाडजूड पुस्तक तिच्यापुढे धरलं. पानांची कड सुरुवातीला बोटभर काळपट होती, पुढे पांढरीशुभ्र. "इथवर माणूस आला. बोटं लावली, घाम लावला. इथे दमला. पुढे कोणी फिरकलंच नाही. मला असं अर्ध्यात उठवणारं पुस्तक नको."

उद्या जयंती. घोडपदेवच्या विहारात दरवर्षीप्रमाणे अठरा तास अभ्यासाची बैठक. पहाटे बसायचं ते रात्रीच उठायचं, ज्याला जे शिकायचं ते घेऊन. गेल्या वर्षी राधा कुणाचंसं इतिहासाचं पुस्तक घेऊन बसली, दुपारी चहा वाटायच्या निमित्ताने उठली आणि सतरंजीवर परत आलीच नाही. यंदा तिने अख्ख्या चाळीत सांगून टाकलं होतं की मी वेबसाइट बनवायला शिकणार. सांगून बसल्यामुळे आता शिकणं आलं.

वेबसाइट तशी होती तिची, ब्लाउज शिवून देते त्याची. चुलतभावाने, मयूरने, करून दिलेली. तीत राधाने शिवलेल्या ब्लाउजांच्या जागी कुणी परकीच नवरी हसत होती, आणि मयूर फोन उचलत नव्हता.

"एआयला सांग ना. पाच मिनिटांत करून देईल," प्रिती म्हणाली.

"म्हणजे अजून एक मयूर. बिघडलं की मी परत त्याच्याच तोंडाकडे बघायचं."

हितेंद्र हसला. एव्हाना बाईची रीत त्याच्या ध्यानात आली असावी. त्याने पार तळातून एक बारकंसं पुस्तक ओढून काढलं. पाठीला चिकटपट्टी, कड पहिल्यापासून शेवटपर्यंत काळी. "हे घ्या ताई. पूर्ण मळलेलं."

राधाचा चेहरा फुलला. प्रितीने ते चाळलं आणि तोंडावर हात धरला.

"आई, हे माझ्या बालवाडीच्या वेळचं आहे. यातलं निम्मं आता कोणी वापरत नाही. तुझी साइट फोनवर धड दिसायची पण नाही."

"पण वाचलंय बघ किती लोकांनी."

"तेव्हा दुसरं मिळत नव्हतं म्हणून."

राधा दोन्ही हातांत दोन पुस्तकं घेऊन उभी राहिली. एक शेवटपर्यंत वाचलेलं, पण शिळं. एक ताजं, पण टाकून दिलेलं. आणि उद्या पहाटे अख्खी चाळ बघणार की राधाच्या हातात काय आहे. हितेंद्रने स्टूल पुढे सरकवलं.

ती बसली, आणि आता कुठे तिने जाडं पुस्तक उघडलं. बरोबर मळ संपतो तिथे. पानावर चौकोनांची चित्रं होती. बाजूला कुणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं, 'हा का खाली पडतोय?' खाली रेघ अशी ओढली होती की कागद फाटायचा बाकी.

"काय पडतंय याचं?"

प्रिती वाकली, मग आईला खेटून कट्ट्याच्या कडेला बसली. "अगं, हे होय. तुला तुझे तीन ब्लाउज एका ओळीत दाखवायचेत ना, तर तिसरा घसरून खालच्या ओळीत जातो. आमचा अर्धा वर्ग इथे आडवा झालेला."

"आणि तू?"

"मी पण." प्रितीने नाक खाजवलं. "रडलेले मी. मग वर्गातल्या सम्यकने दाखवलं. एवढंसंच असतं. चौकोनाच्या आत चारी बाजूंनी थोडी जागा सोडलेली असते, ती आपण रुंदीत धरतच नाही."

"माया धरली नाही?"

"काय?"

"शिवणीसाठी कापड जास्तीचं सोडतो ती माया. ती न धरता कापलंस तर अंगाला बसणार कसं?"

प्रितीने पानाकडे पाहिलं, मग आईकडे. "हां. तसंच काहीतरी."

"एवढ्याशासाठी सोडलं याने?" राधाने पेन्सिलीच्या अक्षरांवरून बोट फिरवलं. "बिचारा. शेजारी कोणी नसेल त्याच्या."

समोरून एक बस गेली. प्रितीने फोन पिशवीत टाकला.

"मिरवणूक संध्याकाळी आहे," ती म्हणाली. "तोपर्यंत बसते मी तुझ्या बाजूला."

"पहाटेपासून?"

"पहाटेपासून. पण सगळ्यांसमोर मला माया-बिया शिकवत बसू नकोस."

राधाने बारकं पुस्तक परत थप्पीवर ठेवलं. "हे जाडं द्या."

"ताई, ते तर अर्ध्यात सोडलेलं," हितेंद्र म्हणाला.

"दिसतंय मला."

तिने पान उलटायला घेतलं. उलटेना. पुढची दोन पानं कडेला अजून जोडलेलीच होती, छापखान्यातून आली तशी. राधाने अंबाड्यातली पिन काढली.