आठ कोरी वाक्यं

“मावशी, कोरं सोडू नका. दोनातला एक तर खोडायचाय. मारा अंदाजाने,” शेजारच्या खुर्चीवरचा ऋतुराज सगुणाच्या कागदात डोकावत म्हणाला. त्याचा पेपर केव्हाच लिहून झाला होता.

माजिवड्याच्या औषधांच्या गोदामात ऑर्डरप्रमाणे खोकी काढून द्यायचं काम होतं. जागा एक, माणसं सहा, आणि परीक्षा इंग्रजीची. वीस वाक्यं. प्रत्येकात जुळ्या भावंडांसारखे दोन शब्द. बरोबर तो ठेवायचा, चुकीचा खोडायचा. क्वाइट की क्वाएट. लूस की लूझ. ही भाषा करणाऱ्याला दुसरा काही धंदा नसावा, असं सगुणाला वाटलं.

मुलीची, मेघालीची, जुनी पुस्तकं घेऊन ती घरीच इंग्रजी शिकलेली. त्याच इंग्रजीवरून या महिन्यात दोन ऑफिसांनी तिला परत पाठवलं होतं. एकाने तर तोंडावर हसून. कळव्याच्या खाडीत आता जाळ्याला मासळीपेक्षा प्लास्टिक जास्त लागतं, नवऱ्याची होडी दोन वर्षं पालथी पडलीय, हे त्या हसणाऱ्याला कोण सांगणार. आज काम मिळालं नाही तर मेघालीचं कॉलेज सुटणार होतं. घरात तसं ठरलंच होतं.

बारा शब्द तिला पक्के येत होते. आठ नव्हते.

“मला ठाऊक नाय, तर खोडू कसं?”

“अहो, चुकलं तरी मार्क कापत नाहीत. इंग्लिशमध्ये सगळे असंच करतात.”

सगुणाने पेन कागदावर टेकवलं. हात पुढे जाईना. सासूच्या, हौसाबाईच्या हाताखाली तिने वीस वर्षं मासळी निवडली होती. ताजी एका पाटीत, शिळी दुसरीत. शंका आली की तिसरीत, आणि तिसरी पाटी विकायची नाही. चूल पेटली नाही तरी नाही. एकदा सगुणाने शंकेची बोय मासळी एका बाईच्या पिशवीत टाकली, तर हौसाबाई कंबर धरून त्या बाईमागे स्टेशनपर्यंत गेली आणि मासळी परत घेऊन आली.

सगुणाने आठ वाक्यांपुढे मराठीत लिहिलं, ‘माहीत नाही’. काम गेलं असं समजूनच कागद दिला.

गोदामाची मालकीण ऐश्वर्या. तिने उभ्याउभ्याच सगळे पेपर तपासले.

“सगळ्यांत जास्त ऋतुराज, अठरा. सगुणाताई, बारा.”

ऋतुराजने शर्टाची कॉलर सारखी केली. सगुणाने पिशवी उचलली.

“बसा ताई,” ऐश्वर्या म्हणाली. “याचे दोन चुकलेत, अंदाजाने मारलेले. माझ्याकडे औषधांची नावं याहून सारखी असतात. तिथे अंदाज केला की कुणाच्या तरी पोटात भलतीच गोळी जाते. तुमचं एकही चुकलेलं नाही. येत नाही तिथे येत नाही लिहिलंय. उद्या नऊला या.”

सगुणा बसली. उचललेली पिशवी तिने मांडीवर ठेवली. मग हळूच विचारलं, “मॅडम, ते आठ शब्द पाठ करून येऊ ना?”

“सावकाश करा,” ऐश्वर्या म्हणाली. “पेपर तपासताना मीसुद्धा दर वेळी डिक्शनरी उघडते.”